इंदूरच्या डोक्यावरचे बाहेरगावचे इलेक्ट्रॉन

२०२५ साली रंगपंचमी १९ मार्चला आली होती. विषुवदिनाला एकच दिवस बाकी होता. अशा दिवशी सूर्य जवळजवळ विषुववृत्तावर असतो. त्यामुळे मध्यान्हीला तिरुवनंतपुरमला तो क्षितिजापासून सुमारे ८१ अंशांवर येतो, म्हणजे डोक्यावरच. इंदुरात राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, चाललेली असताना तो ६७ अंशांच्या आसपासच चढतो. आता या दोन्ही शहरांच्या वर ३०० किलोमीटर जाऊन तिथल्या हवेत मोकळे इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजलं, तर जास्त कुठे सापडतील? इलेक्ट्रॉन सुटतात ते सूर्यकिरणांमुळे, एवढं माहीत असलेला कुणीही तिरुवनंतपुरम म्हणेल. प्रत्यक्षात दुपारी इंदूरवर जास्त असतात, आणि थोडेथोडके नाही, पुष्कळ जास्त असतात.

वातावरणातल्या विद्युतभारित कणांचं गणित कसं मांडतात हे समजून घ्यायला मला या कोड्याइतकी सोयीची वाट दुसरी दिसत नाही. इंदुरात इलेक्ट्रॉन म्हटलं की लोकांना आरआरकॅट ही संशोधनसंस्था आणि तिथलं इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवणारं यंत्र आठवतं. पण त्या यंत्रातले इलेक्ट्रॉन मोजूनमापून पाळलेले असतात. डोक्यावरचे मोकाट आहेत.

जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरवर आयनांबर सुरू होतं आणि ते १,००० किलोमीटरच्या आसपासपर्यंत पसरलेलं आहे. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मागे उरतो तो धनभारित आयन. तरी सगळी हवा विद्युतभारित होते असं मात्र नाही. ३०० किलोमीटरवर, जिथे इलेक्ट्रॉनांची गर्दी सर्वांत जास्त असते तिथेही, भरदुपारी हजार साध्या कणांमागे एखादाच भारित कण निघतो. दर घनसेंटीमीटरला सुमारे १० लाख इलेक्ट्रॉन. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या मानाने ही जवळजवळ पोकळीच, पण रेडिओलहरी वाकवायला तेवढी पुरते. रात्री रेडिओवर दूरदूरची मध्यम लहरींची केंद्रं लागायची ती याच थरामुळे. दिवसा सर्वांत खालचा, ९० किलोमीटरच्या आतला थर त्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून परत येतात.

गणिताची सुरुवात सराफ्यातल्या पेढीवर होते तशीच होते: एक वही घ्यायची आणि तीन रकाने आखायचे. आकाशाचा एक लहानसा तुकडा, समजा एक घनसेंटीमीटर, हे एक खातं. दर सेकंदाला त्यात नवे किती इलेक्ट्रॉन सुटले, ही जमा. किती इलेक्ट्रॉन आयनांना पुन्हा चिकटून नाहीसे झाले, हा खर्च. आणि शेजारच्या तुकड्यांतून किती वाहत आले, किती वाहून गेले, ही आवक-जावक. जमेतून खर्च वजा करा, आवक-जावकेचा फरक मिळवा, की शिल्लक कशी बदलते ते निघतं. आयनांबराची जगातली मोठमोठी संगणकी मॉडेलं याच एका ओळीवर उभी आहेत. अडचण रकान्यांत भरायच्या आकड्यांची आहे.

जमेचा रकाना आधी सुटला. सिडनी चॅपमन यांनी १९३१ मध्ये त्याचं सूत्र दिलं आणि ते आजही पहिल्या धड्यात शिकवतात. विचार साधा आहे. खूप उंचावर किरण ताजे असतात, पण फोडायला अणूच नसतात. खूप खाली अणू भरपूर, पण तिथवर पोचेपर्यंत किरण संपलेले. मध्ये कुठेतरी दोन्ही पुरेसे असतात आणि तिथे इलेक्ट्रॉनांचं उत्पादन सर्वाधिक होतं. सूर्य तिरपा असला तर किरणांना जास्त हवा कापावी लागते, म्हणून उत्पादनाचं शिखर वर सरकतं आणि बसकंही होतं. आयनांबराला थर का आहेत, हे या एवढ्याशा युक्तिवादातून कळतं. वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण वेगवेगळ्या खोलीवर संपतात, म्हणून शिखरंही वेगवेगळ्या उंचीवर.

खर्चाचा रकाना थराप्रमाणे बदलतो. ११० किलोमीटरच्या आसपासचा जो ई थर, तिथे आयन रेणूंचे असतात. असा आयन आणि इलेक्ट्रॉन भेटले की रेणू फुटतो आणि मोकळी झालेली ऊर्जा दोन तुकडे वाटून नेतात. काम झटपट होतं. किती झटपट, ते भेटींवर अवलंबून. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर आयनही दुप्पट, म्हणजे भेटी चौपट. खर्च शिलकीच्या वर्गाने वाढतो. म्हणून जमा आणि खर्च जिथे जुळतात तिथली शिल्लक जमेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात निघते: जमा चौथाईवर आली तर शिल्लक निम्म्यावर येईल. आकड्यांत सांगायचं तर दुपारी ई थरात दर घनसेंटीमीटरला सुमारे १ लाख इलेक्ट्रॉन असतात आणि दर सेकंदाला साधारण हजार नवे सुटतात, तेवढेच जुने जातात. यावरून एक इलेक्ट्रॉन सरासरी १०० सेकंद टिकतो. दीड-पावणेदोन मिनिटं. सूर्य मावळला की हा थर ओसरायला वेळ लागत नाही.

अशा सूत्राची परीक्षा घ्यायला ग्रहणासारखा प्रसंग नाही. जमेचा रकाना तासाभरात खाली येतो आणि पुन्हा भरतो, आणि कधी किती खाली येणार हे आधीपासून माहीत असतं. २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास पट्टा सुरत, वडोदरा, इंदूर, भोपाळ असा गेला. ऐन पावसाळा, त्यामुळे ग्रहण बघायला उठलेल्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी ढगच आले. पण ढग फार तर १५-१७ किलोमीटरपर्यंत असतात, आयनांबराला त्यांचा काही अडथळा नाही. ग्रहणातही जमा पूर्ण शून्य होत नाही, ही गंमत आहे. चंद्र सूर्यबिंब झाकतो, पण भोवतीचा प्रभामंडल उघडाच राहतो आणि क्ष-किरणांचा काही भाग तिथून येत राहतो. जगभरातल्या ग्रहणांत ई थर वर्गमुळाच्या हिशेबाजवळच वागलेला दिसतो, थोड्या मिनिटांच्या उशिराने.

आता हेच दोन रकाने वापरून इंदूर आणि तिरुवनंतपुरमची तुलना करा. १९ मार्चच्या मध्यान्हीचे दोन्हीकडचे सूर्याचे कोन घातले, तर इंदूरची शिल्लक तिरुवनंतपुरमपेक्षा ३-४ टक्क्यांनी कमी निघते. ई थरासाठी हे उत्तर ठीकच आहे. कोडं आहे ते त्याच्या वर, एफ थरात.

३०० किलोमीटरवरचा आयन मुख्यतः ऑक्सिजनच्या अणूचा असतो, रेणूचा नव्हे. अणूला फुटता येत नाही. इलेक्ट्रॉन येऊन चिकटला तर सुटणारी ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकावी लागते आणि ती क्रिया फारच संथ. म्हणून हा आयन आधी एखाद्या नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूला गाठतो, भार त्याच्या गळ्यात घालतो, आणि मग त्या रेणवीय आयनाला इलेक्ट्रॉन भेटून शेवट होतो. पहिली पायरी मंद, दुसरी जलद. वेग ठरतो पहिलीवरून. म्हणून इथे खर्च शिलकीच्या वर्गाने वाढत नाही, साध्या प्रमाणात वाढतो, आणि किती तो आजूबाजूला रेणू किती आहेत त्यावर ठरतं. ३०० किलोमीटरवर इलेक्ट्रॉनाचं आयुष्य मिनिटांचं न राहता काही तासांचं होतं. रात्रभर एफ थर टिकतो तो यामुळे.

इथून एक विचित्र निष्कर्ष निघतो. वर जावं तसे ऑक्सिजनचे अणूही कमी होतात आणि नायट्रोजनचे रेणूही. पण रेणू जड, त्यामुळे ते जास्त वेगाने कमी होतात. म्हणजे जमेपेक्षा खर्च लवकर घटतो. सर्वाधिक उत्पादन होतं १५० ते १८० किलोमीटरवर, तरी शिल्लक त्याच्याही वर वाढतच जाते. दोन रकान्यांच्या हिशेबाने ती कधी थांबायलाच नको! थांबते, कारण भारित कण गुरुत्वाकर्षणाने खाली घसरत असतात आणि दाटीकडून विरळाकडे पसरत असतात. म्हणजे एफ थराचं शिखर कुठे आहे एवढं सांगायलाही तिसरा रकाना उघडावा लागतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत देखणी जागा हीच आहे. दिसतं ते शिखर उत्पादनाचं नसून तडजोडीचं आहे, आणि ही तडजोड सूत्र मांडल्याशिवाय नुसत्या बोलण्यातून कधीच सापडली नसती.

तिसऱ्या रकान्यात पृथ्वीचं चुंबकत्व येतं. भारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत तिच्यावरून घसरू शकतो, पण रेष ओलांडून आडवा जाऊ शकत नाही. एफ थराच्या उंचीवर अपवाद एकच: त्या रेषेला काटकोनात विद्युतक्षेत्र असेल तर सगळे कण, धन काय आणि ऋण काय, रेष आणि विद्युतक्षेत्र या दोन्हींना काटकोन करून एकाच दिशेने वाहू लागतात.

दक्षिण भारताच्या टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं. तिरुवनंतपुरमशेजारचं थुंबा त्याच्या जवळ आहे म्हणून तर २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातून पहिलं अग्निबाण-उड्डाण तिथून झालं. त्या रेषेवर चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर आणि उत्तरेकडे असतं. दिवसा तिथे पूर्वेकडे जाणारं विद्युतक्षेत्र तयार होतं: सूर्याने तापलेली हवा १०० ते १३० किलोमीटरवर वाहते, तिथली हवा दाट असल्याने टकरींच्या जोरावर आयनांना चुंबकीय रेषांना आडवं ओढत नेते, आणि डायनॅमोत होतं तेच इथे होतं. क्षेत्र पूर्वेला, चुंबकत्व उत्तरेला. दोन्हींना काटकोनातली दिशा उरते ती वरची. भारित वायू सेकंदाला २०-३० मीटर वेगाने वर चढू लागतो, म्हणजे ताशी साधारण ९० किलोमीटर. उंच गेल्यावर गुरुत्वाकर्षण आणि दाब त्याला चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना खाली ढकलतात. रेषा उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे वाकलेल्या, त्यामुळे तो विषुववृत्तावर परत न पडता त्यापासून १५ चुंबकीय अंशांच्या आसपास उतरतो. शास्त्रज्ञ याला कारंज्याचा परिणाम म्हणतात. चुंबकीय विषुववृत्तावर खळगा आणि दोन्हीकडे एकेक उंचवटा. भारतातला उत्तरेकडचा उंचवटा येतो तो अहमदाबाद, वडोदरा, इंदूर, भोपाळ या पट्ट्यावर.

म्हणजे दुपारी इंदूरच्या खात्यात दिसणारी शिल्लक सगळी इथली कमाई नाही. बराचसा माल दक्षिणेत सुटला, वर चढला आणि इथे उतरला. त्याला यायला वेळ लागतो, म्हणून इथला कमाल आकडा मध्यान्हीला न येता दुपारी दोन ते चारच्या सुमारास येतो. हा उंचवटा एडवर्ड ॲपलटन यांनी १९४६ मध्ये जगासमोर ठळकपणे मांडला. भारित वायू चुंबकीय रेषांवरून खाली घसरत असावा, ही कल्पना त्याच वर्षी कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी दिली. वर चढण्याचा भाग डेव्हिड मार्टिन यांनी पुढच्या वर्षी सुचवला. मित्र यांचं नाव या संदर्भात फारसं घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं.

आजची भौतिकी मॉडेलं चुंबकीय रेषेलाच रूळ मानतात. रेषेवर शेकडो बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदूवर ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रिक ऑक्साइड वगैरे आयनांची वेगवेगळी खाती उघडायची, वेग आणि तापमान यांची समीकरणंही जोडायची, आणि थोड्या थोड्या सेकंदांनी पुढे सरकायचं. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेचं सामी-२ हे मॉडेल असंच चालतं. दुसरा मार्ग अनुभवाचा. जगभरच्या केंद्रांनी दशकानुदशकं घेतलेल्या मोजमापांची सरासरी सूत्रात बसवायची. आंतरराष्ट्रीय संदर्भ आयनांबर, म्हणजे आयआरआय, हे त्यातलं सर्वांत वापरातलं. आयआरआय मार्चमधली सरासरी दुपार चांगली सांगतं, आजची दुपार नाही. सामी-२ आजची सांगू शकेल, पण आज विषुववृत्तावर भारित वायू नेमका किती वेगाने चढतोय हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आणि तो वेग रोज बदलतो. जानेवारी २००९ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या स्थितांबराचं तापमान एकाएकी वाढलं आणि तिकडे पेरूत विषुववृत्तावरचा हा चढ सकाळी जोरदार, दुपारी उलटा, असा वागू लागला. ध्रुवावरची हवा, तीही अवघ्या ३०-४० किलोमीटरवरची, उष्णकटिबंधातल्या ३०० किलोमीटरवरच्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब बदलते. समीकरणं बरोबर असून उत्तर चुकतं ते अशा ठिकाणी.

याच्याशी आपला संबंध काय? खिशातला फोन. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून येताना रेंगाळतो आणि फोनला वाटतं उपग्रह दूर आहे. किती रेंगाळेल ते वाटेत भेटणाऱ्या एकूण इलेक्ट्रॉनांवर ठरतं. मोजायचं एकक असं: एक चौरस मीटर छेदाच्या उभ्या स्तंभात १ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन. अशा प्रत्येक एककामागे जीपीएसच्या मुख्य लहरीवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, अंतर १६ सेंटीमीटरने फुगतं. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, जसं २०२४ हे होतं, आपल्या पट्ट्यावर दुपारी १०० एककं हा काही अचंबा नाही. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहासाठी १६ मीटर आणि क्षितिजाजवळच्यासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट. नकाशावरचा ठिपका एवढा सरकत नाही, कारण सगळ्या उपग्रहांना सारखीच असलेली चूक फोन घड्याळाच्या खात्यात टाकून देतो. पण दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या उपग्रहांची चूक वेगवेगळी असते, आणि उंचवट्याच्या पट्ट्यात तर फारच.

जीपीएसचे उपग्रह स्वतःच एक दुरुस्ती पाठवतात. जॉन क्लोबुशार यांचं हे मॉडेल म्हणजे काटकसरीचा नमुना. अख्ख्या पृथ्वीचं आयनांबर अवघ्या ८ आकड्यांत! रात्री सगळीकडे ५ नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर, असं धरून चालायचं. दिवसा त्यावर दोन वाजता शिखर असलेला कोसाइनचा अर्धा उंचवटा चढवायचा. निम्मी चूक काढायची एवढंच त्याचं उद्दिष्ट होतं. चुंबकीय विषुववृत्तावर खळगा आणि बाजूंना दोन डोंगर, हा आकार इतक्या थोड्या आकड्यांत बसत नाही, आणि नेमका तोच आपल्यावर आहे. विमानांसाठी गगन ही जीपीएसची चूक सुधारून देणारी यंत्रणा उभारताना इस्रोला हेच नडलं. अमेरिकेतली पद्धत आयनांबर एका उंचीवरच्या पातळ पडद्यासारखं मानते. भारतावर ते चालेना, म्हणून इस्रोने अनेक थरांचं स्वतःचं मॉडेल केलं. २०१५ मध्ये गगनला विमान उतरवण्याच्या टप्प्यात उंचीचंही मार्गदर्शन करण्याची मान्यता मिळाली.

मॉडेलच नको असेल तर दोन लहरींची युक्ती आहे. विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या एल-५ लहरीला मुख्य लहरीच्या जवळपास १.८ पट उशीर होतो. दोन्हींच्या पोचण्यातला फरक मोजला की वाटेतले इलेक्ट्रॉन थेट निघतात. नाविक ही आपली जीपीएससारखी उपग्रह-यंत्रणा याच तत्त्वावर एल-५ आणि एस हे दोन लहरींचे पट्टे वापरते. सिमरोळच्या आयआयटी इंदुरात नाविक आणि जीपीएसच्या ग्राहकयंत्रांवर उंचवट्याचा अभ्यास चालतो. मॉडेल सर्वांत जास्त चुकतं तिथेच बसून मोजण्यात फायदा आहे.

संध्याकाळचं प्रकरण मात्र दोन लहरींनाही आवरत नाही. सूर्यास्ताच्या सुमारास विषुववृत्तावरचा वर चढणारा प्रवाह थोडा वेळ जोर धरतो, त्याच वेळी खालचा ई थर मिनिटांत विरतो. दाट थर वर, जवळजवळ रिकामा खाली. जड द्रव हलक्यावर ओतला की जे होतं ते होतं: खालचा विरळ भाग बुडबुड्यांच्या रूपात वर घुसतो, कधीकधी १,००० किलोमीटरच्याही वर, आणि चुंबकीय रेषांच्या वाटेने इंदूरच्या आकाशापर्यंत पसरतो. बुडबुड्यांच्या फाटक्या कडांमधून येणारी लहर चमचम करू लागते आणि ग्राहकयंत्राची पकड सुटते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, सूर्यास्त ते मध्यरात्र, हा याचा हंगाम. नवरात्राच्या संध्याकाळी हमखास त्यात येतात. एल-५ कमी वारंवारतेची असल्याने तिला हा धक्का उलट जास्त बसतो.

बुडबुडे कोणत्या महिन्यांत, कोणत्या वेळात येतील हे मॉडेल चांगलं सांगतात. आज येतील का, याचं उत्तर अजून शक्यतेच्या भाषेतच मिळतं, कारण सुरुवातीचा बारीकसा हेलकावा कुणी मोजलेला नसतो. म्हणून संध्याकाळनंतर ड्रोन उडवणारे किंवा जमीनमोजणीचं रोव्हर हे उपग्रहयंत्र चालवणारे यांनी जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, नाविक असे जमतील तितके उपग्रह घेणारं यंत्र वापरावं. बुडबुडे पट्ट्यापट्ट्यांनी येतात. ज्या उपग्रहांची वाट त्यांतून जात नाही, त्यांच्यावर काम निभावतं.